धूर, चुना आणि छत : काँक्रीटमधील सिलिका फ्यूमची ओळख

स्मरणिकेसाठी लेख द्यावा, अशी सूचना संपादक मंडळाकडून आली तेव्हा इतिहासाच्या शिक्षकाने एखाद्या लेण्यावर, शिलालेखावर किंवा सत्याग्रहावर लिहावे, असेच सर्वांना अपेक्षित असणार, हे मी जाणून होतो. परंतु आपल्या वसतिगृहाच्या छताने मला जो धडा शिकवला, तो मी आजवर वर्गात शिकवलेल्या पुष्कळ धड्यांपेक्षा अधिक उपयोगी आहे, असे मला वाटते. म्हणून या वेळी विषय काँक्रीटचा आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातील ती घटना जुन्या कर्मचाऱ्यांना आठवत असेल. मुले सुटीत गावी गेली होती. दुपारी पहिल्या मजल्याच्या व्हरांड्यात मोठा आवाज झाला. जाऊन पाहिले, तर छताचा हातभर लांबीचा तुकडा खाली पडला होता आणि वर गंजलेल्या सळ्या उघड्या पडल्या होत्या. ज्या जागी तो पडला, त्याच जागी परीक्षेच्या काळात मुले चटई टाकून रात्री अभ्यास करीत असत. कोणालाही इजा झाली नाही, हे खरे. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. त्याला एक कारण होते. काही वर्षांपूर्वी त्याच छताला ओल येऊन पापुद्रे सुटले होते आणि वसतिगृहाची व्यवस्था तेव्हा माझ्याकडे होती. मी एका गवंड्याला बोलावून वरवर गिलावा करून घेतला, रंग दिला आणि काम झाले असे समजून बिलावर सही केली. आतील रोग मी गिलाव्याखाली झाकून ठेवला होता. तो तुकडा पडला त्यात माझ्या अज्ञानाचा वाटा होता, हे येथे नमूद करणे मी माझे कर्तव्य समजतो.

शाळेचा एक माजी विद्यार्थी आज बांधकाम अभियंता आहे. त्याला निरोप पाठवला. त्याने हातोडीने छत ठोकून पाहिले. जेथे आवाज पोकळ आला तेथे खडूने खुणा केल्या. पुढे दुरुस्तीचे सामान आले, त्यात सिमेंटच्या गोण्यांबरोबर काळपट करड्या भुकटीच्या काही गोण्या होत्या. मी विचारले, “हे काय आहे?” तो म्हणाला, “सर, हा धूर आहे. भट्टीचा धूर. पूर्वी तो आकाशात सोडून देत असत.” त्या धुराची ही हकीकत आहे.

काँक्रीट का कुजते?

प्रथम रोग समजून घेतला पाहिजे. काँक्रीट म्हणजे सिमेंट, वाळू, खडी आणि पाणी यांचे मिश्रण. सिमेंटमध्ये पाणी मिसळले की रासायनिक क्रिया सुरू होते आणि मुख्यतः दोन पदार्थ तयार होतात. पहिला कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट. हा खळीसारखा चिकट पदार्थ वाळूला आणि खडीला बांधून ठेवतो. काँक्रीटची खरी ताकद त्याची. दुसरा कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे आपला साधा भिजवलेला चुना. घट्ट झालेल्या सिमेंटमध्ये हा सुटा चुना सुमारे पाचवा ते चौथा हिस्सा असतो. बांधण्याच्या कामी तो दुबळा आहे. पाण्यात तो हळूहळू विरघळून बाहेरही येतो. गळक्या छताखाली जे पांढरे ओघळ दिसतात, ते याच चुन्याचे.

असे असले तरी हा चुना निरुपयोगी नाही. त्याच्यामुळे काँक्रीट तीव्र अल्कधर्मी राहते आणि अशा परिस्थितीत पोलादी सळईवर एक अतिशय पातळ संरक्षक थर टिकून राहतो. तो थर आहे तोवर सळई गंजत नाही.

या थराचे शत्रू दोन आहेत. पहिला शत्रू हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड. विज्ञानाच्या तासाला चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर घालण्याचा प्रयोग आपण सर्वांनी केला आहे. निवळी दुधाळ होते, कारण चुन्याचे रूपांतर कॅल्शियम कार्बोनेटमध्ये होते. हाच प्रयोग प्रत्येक इमारतीच्या छतात वर्षानुवर्षे चालू असतो. हवा सूक्ष्म छिद्रांतून आत शिरते, चुना संपत जातो, अल्कता उतरते, आणि एके दिवशी ही मजल सळईपर्यंत पोहोचते.

दुसरा शत्रू मीठ. त्याची ओळख वडाळ्याच्या रहिवाशांना करून द्यावी लागत नाही. आपल्या परिसरात मिठागरे आहेत. पलीकडे शिवडीची खाडी आहे. येथील वाऱ्यातच क्षार आहेत. मिठातील क्लोराइड पाण्याबरोबर काँक्रीटमध्ये झिरपते आणि सळईवरचा संरक्षक थर भेदते. मुंबईत दरवर्षी दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि तो बहुतांशी चार महिन्यांत पडतो. छत चार महिने भिजते, आठ महिने वाळते. या आलटून-पालटून होणाऱ्या क्रियेने क्षार आत ओढले जातात. गंज चढला की तो मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा मागतो. ही जागा काँक्रीट देऊ शकत नाही. म्हणून ते फुटते आणि खाली पडते. आपल्या छताचे नेमके हेच झाले होते. माझ्या गिलाव्याने गंज थांबला नव्हता. तो केवळ दृष्टीआड झाला होता.

दोन्ही शत्रूंची वाट मात्र एकच आहे, ती म्हणजे काँक्रीटमधील छिद्रे. छिद्रे जितकी कमी, बारीक आणि एकमेकांपासून तुटलेली, तितके छताचे आयुष्य अधिक. सिलिका फ्यूमचे महत्त्व येथे आहे.

सुरखीचा वारसा

हा उपाय आधुनिक असला तरी त्यामागील तत्त्व प्राचीन आहे. नेपल्सच्या उपसागराकाठी पोझुओली नावाचे गाव आहे. तेथील ज्वालामुखीची राख चुन्यात मिसळली तर तो चुना पाण्याखालीही घट्ट होतो, हे रोमन लोकांना ठाऊक होते. त्या गावावरूनच अशा पदार्थांना ‘पोझोलाना’ हे नाव पडले. रोममधील पँथिऑनचा सुमारे ४३ मीटर व्यासाचा घुमट याच ज्ञानावर उभा राहिला आणि इसवी सनाच्या दुसऱ्या शतकापासून आजही उभा आहे. रोमशी व्यापार करणारे आपले कोकण त्या काळी सोपारा आणि कल्याण या बंदरांनी गजबजलेले होते आणि कार्ल्याच्या लेण्यात यवन दात्यांची नावे कोरली जात होती, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला या ठिकाणी आठवल्यावाचून राहत नाही.

आपल्याकडे पोझोलानाचे काम सुरखीने केले. सुरखी म्हणजे भाजलेल्या विटांची बारीक भुकटी. घाणीत दळलेला चुना आणि सुरखी यांच्या मिश्रणावर आपल्या जुन्या विहिरी, तळी आणि वाडे उभे आहेत. विसाव्या शतकात म्हैसूर संस्थानात बांधलेल्या कृष्णराजसागर धरणातही सुरखीचा चुना वापरला गेला. सुरखी काय, ज्वालामुखीची राख काय, किंवा आज औष्णिक वीजकेंद्रांतून निघणारी फ्लाय अॅश काय, या सर्वांचे मर्म एकच आहे. त्यांच्यात अस्फटिकी सिलिका असते आणि ती चुन्याशी संयोग पावून बांधणारा पदार्थ तयार करते. वाळूतही सिलिकाच असते. पण ती स्फटिकी, म्हणजे रेणूंची पक्की घडी बसलेली. ती चुन्याशी सहजासहजी संयोग पावत नाही. उष्णतेने घडी मोडलेली आणि झटकन थंड झाल्यामुळे पुन्हा न जुळलेली सिलिका मात्र क्रियेला तत्पर असते.

सिलिका फ्यूम ही या कुळातील सर्वांत तल्लख संतती होय. सुरखीला जे काम करण्यास महिने लागतात, ते ही काही दिवसांत करते.

धूर कसा सापडला?

सिलिकॉन धातू आणि फेरोसिलिकॉन हे मिश्रधातू विजेच्या प्रचंड भट्ट्यांत तयार करतात. भट्टीत गारगोटीचे दगड, कोळसा आणि लाकडाचे तुकडे घालून सुमारे २००० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. या क्रियेत सिलिकॉन मोनॉक्साइडची वाफ उठते. ती वर येऊन हवेतील ऑक्सिजनला भेटली की तिचे सिलिकॉन डाय-ऑक्साइड होते आणि क्षणार्धात थंड होऊन तिचे अतिसूक्ष्म गोल कण बनतात. हाच सिलिका फ्यूम; त्याला मायक्रोसिलिका असेही म्हणतात.

नॉर्वे देशात वीज मुबलक असल्याने असे कारखाने पुष्कळ होते आणि त्यांच्या धुराड्यांतून हा धूर आसपासच्या गावांवर पसरत असे. हा धूर काँक्रीटमध्ये वापरण्याचे प्रयोग तेथे १९५२ च्या सुमारास झाले. परंतु धूर गोळा करणे खर्चाचे होते आणि तो सोडून देणे फुकट होते. त्यामुळे प्रयोग बराच काळ कागदावर राहिले. १९७० च्या दशकात हवेच्या प्रदूषणाविरुद्ध कायदे कडक झाले आणि कारखान्यांना कापडी गाळण्या बसवून धूर अडवावा लागला. गोण्यांचे ढीग साचू लागले. आता याचे करायचे काय, या प्रश्नातून जुन्या प्रयोगांकडे पुन्हा लक्ष गेले. वैज्ञानिकांनी दिलेले उत्तर समाजाने कायदा केल्यावरच वापरात आले, ही गोष्ट इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला लक्षणीय वाटते. ज्ञान उपलब्ध असणे आणि ते अमलात येणे यांमध्ये नेहमीच एक सामाजिक निर्णय असतो.

एका ग्रॅमचे पृष्ठफळ

या भुकटीची किमया तिच्या बारीकपणात आहे. सिमेंटचा सर्वसाधारण कण दहा-पंधरा मायक्रॉनचा, तर सिलिका फ्यूमचा कण सुमारे ०.१५ मायक्रॉनचा, म्हणजे व्यासाने जवळजवळ शंभरपट लहान. व्यास शंभरपट लहान म्हणजे आकारमान दहा लाखपट लहान. सिमेंटच्या वजनाच्या ८ टक्के सिलिका फ्यूम मिसळला तर सिमेंटच्या एकेका कणामागे त्याचे सुमारे एक लाख कण येतात. हा हिशेब दहावीचा विद्यार्थीही करू शकेल.

दुसरा हिशेब पृष्ठफळाचा. एक ग्रॅम सिलिका फ्यूममधील सर्व कणांचे पृष्ठफळ एकत्र मांडले तर ते सुमारे २० चौरस मीटर, म्हणजे २१५ चौरस फूट भरते. एक ग्रॅम सिमेंटचे पृष्ठफळ चौरस मीटरच्या सुमारे एक-तृतीयांशाइतकेच असते. आपल्या शेजारच्या नायगावात बीडीडी चाळी आहेत. तेथील १६० चौरस फुटांच्या खोलीत पिढ्यान्‌पिढ्यांचे संसार झाले. चिमूटभर भुकटीचे पृष्ठफळ त्या खोलीच्या जमिनीहून मोठे आहे, असे म्हटले की मुलांना हा विषय तत्काळ कळतो.

एवढे पृष्ठफळ आणि एवढी सूक्ष्मता घेऊन सिलिका फ्यूम काँक्रीटमध्ये तीन कामे करतो.

पहिले काम भरावाचे. खडीच्या फटी वाळू भरते, वाळूच्या फटी सिमेंट भरते; पण सिमेंटच्या कणांमधील फटी भरायला कोणी नसते. तेथे पाणी साठते आणि ते उडून गेले की छिद्र उरते. सिलिका फ्यूमचे कण नेमके त्या फटींत जाऊन बसतात.

दुसरे काम चुन्याचे. सुट्या चुन्याशी संयोग पावून ते त्याचे रूपांतर बांधणाऱ्या कॅल्शियम सिलिकेट हायड्रेटमध्ये करतात. दुबळा पदार्थ कमी होतो, बळकट पदार्थ वाढतो.

तिसरे काम सांध्याचे. साध्या काँक्रीटमध्ये खडीच्या पृष्ठभागाभोवती पाण्याची पातळ पुटी जमते आणि तेथे चुन्याचे मोठे स्फटिक तयार होतात. ही जागा सर्वांत कमकुवत असते. तडा तेथूनच जातो. सिलिका फ्यूममुळे ही पुटी दाट होते आणि खडी सिमेंटशी एकजीव होते.

येथे चाणाक्ष वाचक एक शंका घेईल. चुन्यामुळे सळईचे रक्षण होते असे वर म्हटले. मग सिलिकेने चुनाच खाऊन टाकला तर रक्षण कोण करणार? शंका रास्त आहे आणि प्रमाणाची मर्यादा याच कारणाने महत्त्वाची आहे. ५ ते १० टक्क्यांच्या मर्यादेत पुरेसा चुना शिल्लक राहतो आणि छिद्रे बुजल्यामुळे क्षार व हवा आत येण्याचा वेग पुष्कळ मंदावतो. भारतीय मानक आयएस ४५६ : २००० मध्येही सिमेंटच्या ५ ते १० टक्के हेच नेहमीचे प्रमाण दिले आहे. सिलिका फ्यूमच्या गुणवत्तेसाठी आयएस १५३८८ हे स्वतंत्र मानक असून त्यानुसार त्यात किमान ८५ टक्के सिलिका असावी लागते.

आपल्या प्रदेशातील उदाहरणे

काँक्रीटची ताकद ‘एम’ या अक्षरापुढील अंकाने सांगतात. एम-२० म्हणजे १५ सेंटिमीटर बाजूच्या ठोकळ्याने २८ दिवसांनंतर प्रत्येक चौरस मिलिमीटरवर २० न्यूटन दाब सोसला पाहिजे. हिशेब केला तर त्या ठोकळ्यावर सुमारे ४५ टन भार येतो. पूर्वी आपल्या साध्या इमारतींत एम-१५ किंवा एम-२० चे काँक्रीट असे.

कारवारजवळील कैगा अणुवीज प्रकल्पात १९९४ च्या मे महिन्यात बांधकाम चालू असताना अणुभट्टीच्या आतील घुमटाचा भाग कोसळला. त्यानंतर नव्याने आखणी झाली आणि घुमटासाठी सिलिका फ्यूमयुक्त एम-६० काँक्रीट वापरण्यात आले. देशातील अभियंत्यांचे लक्ष या साहित्याकडे वेधणारे ते एक मोठे काम होते. घुमट पडण्याची कारणे रचनेत होती आणि ती शोधून दूर करावीच लागली; केवळ काँक्रीट बदलून भागले नाही, हेही लक्षात ठेवावे.

मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळून क्रॉफर्ड मार्केटच्या दिशेने जाणारा सुमारे अडीच किलोमीटरचा उड्डाणपूल या शतकाच्या आरंभी पूर्ण झाला. मोहम्मद अली रोडच्या दाट वस्तीतून जाणाऱ्या या पुलासाठी एम-७५ दर्जाचे काँक्रीट मायक्रोसिलिका घालून तयार करण्यात आले. त्याचा ठोकळा सुमारे १७० टन भार पेलतो. भारतातील पुलांच्या बांधकामात एवढ्या ताकदीच्या काँक्रीटचे हे अगदी पहिल्या उदाहरणांपैकी एक होय.

त्यानंतर ३० जून २००९ रोजी वांद्रे-वरळी सागरी सेतू खुला झाला. ५.६ किलोमीटर लांबीचा हा सेतू भर समुद्रात उभा आहे. त्याच्या उंच मनोऱ्यांसाठी एम-६० काँक्रीट वापरताना मायक्रोसिलिकेची मदत घेण्यात आली. येथे ताकदीइतकाच, किंबहुना अधिक, महत्त्वाचा होता तो टिकाऊपणा. कारण खाऱ्या पाण्याचे शिंतोडे हा काँक्रीटचा सर्वांत कठोर परीक्षक आहे. आणि आता १२ जानेवारी २०२४ पासून आपल्या शेजारच्या शिवडीतून न्हावा-शेव्याकडे जाणारा सुमारे २२ किलोमीटरचा अटल सेतू सुरू झाला आहे. त्याचे आयुष्य शंभर वर्षांचे धरलेले आहे. शंभर वर्षे खाऱ्या हवेत उभे राहणारे काँक्रीट हे सिमेंट अधिक ओतून मिळत नाही. ते छिद्रे कमी करूनच मिळते.

वापरताना पाळावयाची पथ्ये

हे सर्व वाचून कोणी गोणीभर भुकटी आणून छतात ओतील, तर हानीच होईल. म्हणून अभियंत्याने आम्हांला सांगितलेली पथ्ये येथे देत आहे.

प्रमाण मोजून घ्यावे. ५० किलोच्या सिमेंटच्या गोणीमागे ८ टक्के म्हणजे ४ किलो. घमेल्याच्या अंदाजाने टाकू नये. ही भुकटी हलकी व फुललेली असल्याने अंदाज हमखास चुकतो.

पाणी वाढवू नये. एवढ्या बारीक कणांना भिजायला पाणी जास्त लागते आणि मिश्रण चिकट होते. गवंडी साहजिकच पाणी वाढवू पाहतो. पण पाणी वाढले की छिद्रे वाढली आणि सर्व खर्च वाया गेला. पाण्याऐवजी सुपरप्लास्टिसायझर हे द्रवरूप रसायन मोजून घालतात. त्याने सिमेंटचे कण एकमेकांपासून सुटतात आणि कमी पाण्यातही मिश्रण ओघवते राहते.

कालवणे नीट व्हावे. बाजारात ही भुकटी बहुधा दाबून दाट केलेली मिळते. मिक्सरमध्ये आधी खडी व बरेचसे पाणी, मग मायक्रोसिलिका घालून फिरवावे, म्हणजे खडीच्या माऱ्याने गुठळ्या फुटतात. त्यानंतर सिमेंट व वाळू. फिरवण्याचा वेळ नेहमीपेक्षा अधिक द्यावा. गुठळी तशीच राहिली तर तिचा लाभ शून्य.

पाणी मारणे तत्काळ सुरू करावे. साध्या काँक्रीटच्या पृष्ठभागावर थोडे पाणी सुटून वर येते आणि ते काही काळ संरक्षण देते. सिलिका फ्यूमच्या काँक्रीटमध्ये असे पाणी वर येत नाही. त्यामुळे उन्हावाऱ्यात पृष्ठभाग लगेच सुकतो आणि बारीक तडे जातात. म्हणून पृष्ठभाग सारखा होताच त्यावर प्लॅस्टिकचा कागद अंथरावा आणि काँक्रीट धरले की ओली गोणपाटे टाकावीत. असे पूरक पदार्थ घातलेले काँक्रीट किमान १० दिवस ओले ठेवावे आणि शक्यतो १४ दिवस, असे मानक सांगते.

कामगारांचे रक्षण करावे. खाणीत आणि दगड फोडण्याच्या कामात जी स्फटिकी सिलिका उडते, तिने सिलिकोसिस हा फुप्फुसांचा असाध्य रोग होतो. सिलिका फ्यूम अस्फटिकी असल्याने त्याचा धोका तुलनेने कमी. परंतु इतकी बारीक धूळ छातीत जाऊ देणे केव्हाही अहितकारकच. गोणी फोडणाऱ्याच्या नाकातोंडावर योग्य मास्क आणि डोळ्यांना चष्मा असलाच पाहिजे. नाक्यावरून आलेला बिगारी हे मागणार नाही. मागितले तर उद्याची हजेरी जाईल, ही भीती त्याला असते. म्हणून ते देणे काम करवून घेणाऱ्याचे कर्तव्य आहे. आपल्या मुलांपैकी कित्येकांचे आईवडील याच कामावर आहेत, याचा विसर पडू देऊ नये.

सर्वांत शेवटी, सळईवरील काँक्रीटच्या आवरणाकडे दुर्लक्ष नको. समुद्रकाठच्या कडक हवामानासाठी मानकाने एम-३० दर्जाचे काँक्रीट आणि सळईवर ४५ मिलिमीटर आवरण सांगितले आहे. आमच्या जुन्या छतात ते काही ठिकाणी बोटाच्या पेराएवढेही नव्हते. आवरण चोरले तर कोणतीही भुकटी छताला वाचवू शकत नाही.

खर्चाविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. सिलिका फ्यूम सिमेंटपेक्षा कितीतरी महाग आहे आणि भट्ट्यांतून निघतो तेवढाच मिळतो. प्रत्येक घराला त्याची गरज नाही. सामान्य घरासाठी फ्लाय अॅश मिश्रित सिमेंट किंवा स्लॅग सिमेंट, मोजून घातलेले पाणी, पुरेसे आवरण आणि न चुकता दोन आठवडे मारलेले पाणी एवढ्याने उत्तम काँक्रीट होते. जेथे क्षार, सततची ओल किंवा फार मोठा भार आहे, तेथे या धुराची किंमत वसूल होते.

आपल्या छताचे काय झाले?

विश्वस्तांच्या बैठकीत दोन मते होती. जूनमध्ये शाळा सुरू होणार, मुले येणार; तेव्हा पुन्हा गिलावा करून वर्ष काढावे, पुढे निधी जमला की पाहू, असे एक मत. त्यात दुष्ट हेतू नव्हता. तिजोरी खरोखरच रिकामी होती. मी तेव्हा उठून माझ्या जुन्या सहीची हकीकत सांगितली. त्यानंतर चर्चा फार लांबली नाही. माजी विद्यार्थ्यांना पत्रे गेली. कोणी पाच हजार दिले, कोणी पाचशे. एका पालकाने तीन दिवसांचे सेंट्रिंगचे काम विनामोबदला केले.

व्हरांड्याचे छत टेकू लावून पूर्ण उतरवले आणि एम-३५ दर्जाचे काँक्रीट ८ टक्के मायक्रोसिलिका घालून नव्याने टाकले. इतर छतांत पोकळ भाग सळईच्या मागेपर्यंत फोडून काढला, तारेच्या ब्रशाने गंज साफ केला, झिजलेल्या सळ्यांना जोड दिले, गंजरोधक लेप लावला आणि मग दुरुस्तीचा दाट मसाला भरला. गच्चीची गळती बंद केली. कारण पाणी येत राहिले तर बाकी सर्व व्यर्थ.

नवे छत पडले तेव्हा उन्हाळी वर्गासाठी नववी-दहावीची काही मुले परतली होती. त्यांनी गोणपाटे ओली ठेवण्याची पाळी लावून घेतली. सकाळी वंदना झाली की पहिली तुकडी, दुपारी दुसरी, संध्याकाळी तिसरी. चौदा दिवसांत एकही पाळी चुकली नाही. तो तक्ता मी जपून ठेवला आहे. ठोकळे चाचणीला गेले आणि २८ दिवसांनी अहवाल आला. आकडा अपेक्षेहून चांगला होता. तो फलकावर लावला तेव्हा मुलांनी तो आपल्या निकालासारखा वाचला. त्यानंतर दोन पावसाळे गेले. व्हरांडा कोरडा आहे आणि रात्रीचा अभ्यास पुन्हा तेथेच होतो.

१९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रमखात्याचे सदस्य होते आणि पाटबंधारे व वीज हे विषय त्यांच्याकडे होते. दामोदर आणि महानदीच्या खोऱ्यांतील प्रकल्पांची पायाभरणी त्या काळातील आहे. धरण कसे बांधतात, वीज कशी निर्माण होते, हे अभियंत्यांचे विषय आहेत, मला त्यांचे काय, असे ते म्हणाले नाहीत. त्यांनी त्यांचा अभ्यास केला. त्यांच्या नावाने चालणाऱ्या चळवळीतील मी एक शिक्षक. डोक्यावरच्या छतात काय आहे, हे मला पन्नाशीपर्यंत ठाऊक नव्हते आणि त्या अज्ञानाची किंमत एखाद्या मुलाला मोजावी लागली असती.

म्हणून विद्यार्थ्यांना आणि पालकांना एवढेच सांगणे आहे. आपल्या घराच्या, शाळेच्या, विहाराच्या छताकडे वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, नीट पाहा. पांढरे ओघळ, तांबूस डाग, सळईच्या रेषेत गेलेला तडा, ठोकल्यावर येणारा पोकळ आवाज, यांपैकी काहीही आढळले तर गिलावा करणाऱ्याला बोलावण्याआधी जाणकार अभियंत्याला बोलवा. आणि आपण स्वतः बांधकामावर असाल, तर पाणी मोजून घाला व मारायचे तेवढे दिवस मारा. त्या छताखाली कोण झोपणार आहे, हे आपल्याला माहीत नसते.